फ्रीजमधल्या दहा बाटल्या

दवाखान्यात दोन गोष्टी न मागता साठतात: औषधं आणि किस्से. किस्स्यांना एक्सपायरी नसते, एवढाच फरक!

मी मूळची आरमोरीची. दिल्लीत शिकले आणि भामरागडकडच्या एका छोट्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून रुजू झाले. पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "इथलं एकही औषध वाया जाऊ देणार नाही!"

आमचे फार्मासिस्ट मेश्रामभाऊ शांतपणे म्हणाले, "होऊन जाईन, मॅडम. पयले चहा घ्या."

*

मी रविवारभर खपून औषधांचं कपाट नावांच्या क्रमानं लावलं. सोमवारी भाऊ बघतच राहिले.

"मॅडम, हे लायब्ररी होय का? जे आधी बाद होते, ते समोर ठेवा ना!"

माझ्या सुंदर मांडणीत नेमकी तीच औषधं मागे दडली होती.

*

मग गावात निरोप दिला, घरात पडलेल्या गोळ्या परत आणा. एक आजी डबाभर गोळ्या घेऊन आली. सगळ्या आमच्याच!

"आजी, खाल्ल्या काऊन नाई?"

"तुमी एवढ्या मायेनं देता, बाई. नाई कसं म्हणू?"

तेव्हापासून गोळी लिहिण्याआधी मी विचारते, "खाल ना, खरंच?"

*

फ्रीजमध्ये सापाच्या विषावरच्या इंजेक्शनच्या दहा बाटल्या होत्या. ऑगस्टअखेर एक्सपायरी. मी म्हटलं, "आरमोरीला पाठवू. तिकडे भाताची रोवणी सुरू आहे, कामी येतील."

"आन इथी कोणाले साप चावला तं? नवा स्टॉक येऊ द्या, मंग जुना पाठवू."

नवा स्टॉक आला, आणि त्याच दुपारी पूर चढला. रस्ता बंद! बाटल्या इथंच अडकल्या.

मी रोज सकाळी फ्रीज उघडून जुन्या बाटल्या मोजायचे. दहा. दुसऱ्या दिवशीही दहा.

"काय मॅडम," भाऊ म्हणाले, "साप शोधून राह्यल्या का?"

*

ऑगस्टचा शेवटचा दिवस. दहाच्या दहा बाटल्या तशाच. बाद औषधांची वही उघडून मी हिरमुसून बसले होते. बाहेर भाऊ पेशंटांना मोहाचे लाडू वाटत होते. एक माझ्याही हातावर ठेवला.

"हे कशाचे, भाऊ?"

"दहाही उरल्या ना, मॅडम! एकालेही साप नाई चावला."

"म्हणजे दरवर्षी वाटता?"

"कुठी! मागच्या साली एकही नोती उरली."