डबल बेल आणि पाचाडचा उतार

आमचे हे महाड डेपोत एकतीस वर्षं ड्रायव्हर होते आणि मी त्याच डेपोत कंडक्टर आहे. एवढ्या वर्षांत आमची ड्यूटी एका गाडीवर एकदाही लागली नाही. आमचा संसार त्यामुळेच टिकला, असं माझं प्रामाणिक मत होतं. मग हे निवृत्त झाले आणि दोन-तीन महिन्यांतच पुण्याहून माझ्या भावाने ती सायकल पाठवली.

दोघांनी चालवायची सायकल. भावाने आणि भावजयीने हौसेने घेतली, तीनदा चालवली आणि मग आठवडाभर ती दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. "वन्सं, ही घरात राहिली तर आमचं काही खरं नाही," भावजय फोनवर म्हणाली.

"मग आमच्याकडे कशाला पाठवतेस?"

"तुम्हाला काय, गाड्यांची सवय आहे."

सायकलला दोन सीटं, दोन हँडल आणि पायडलच्या दोन जोड्या. ब्रेक, गिअर आणि वळणं सगळी पुढच्याच्या हातात. मागचं हँडल नुसतं धरण्यापुरतं, ते वळतच नाही. त्यावर एक घंटी होती तेवढीच. पुढे कोणी बसायचं यावर आमच्यात चर्चा झालीच नाही. हे सरळ पुढे जाऊन बसले, आरसा नसताना आरसा नीट केल्यासारखा हात फिरवला आणि थांबून राहिले.

मी मागे बसले. "चला ना," मी म्हणाले.

"बेल दे."

"काय?"

"बेल दिल्याशिवाय गाडी हलत नाही."

मी दोनदा घंटी वाजवली. डबल बेल म्हणजे चला, सिंगल म्हणजे थांबा, हे मला काय शिकवायचं! ह्यांनी उजवा पाय दाबला, मी डावा, आणि दोघं सायकलसकट आडवे झालो. सावित्री नदीकाठच्या त्या रस्त्यावर सकाळी फिरायला येणारी मंडळी असतात. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला उचललं. दुसऱ्या दिवसापासून ती चालायचं सोडून कठड्यावर बसायला लागली.

तरी आम्ही शिकलो. दोघांची पायडलं एकाच साखळीने बांधलेली असल्यामुळे ह्यांनी पाय थांबवला की माझाही थांबायचा, आणि उतार दिसला की हे पाय थांबवायचेच. चढावर मात्र मला सारखा संशय यायचा की हे नुसते पाय ठेवून बसलेत आणि ओढतेय मी. ह्यांनाही माझ्याबद्दल तोच संशय होता. दोघांनी एकदा एकाच वेळी परीक्षा घ्यायची ठरवली असावी, कारण नाते गावाच्या अलीकडे सायकल चढावर जागच्या जागी उभी राहिली आणि मग मागे यायला लागली.

ह्यांनी एक ध्येय ठरवलं होतं. वरंध घाट सायकलने चढायचा आणि माथ्यावर बसून भजी खायची. त्या घाटातून ह्यांनी वर्षानुवर्षं पुण्याची गाडी नेली होती, पण कधी निवांत बसून भजी खाल्ली नव्हती. "वास घेत घेत नोकरी केली मी," हे म्हणाले. ते ऐकून मला खरंच वाईट वाटलं, म्हणून मी हो म्हणाले.

माझ्या सुट्टीच्या दिवशी सराव. आधी पोलादपूरपर्यंत. त्या रस्त्यावर एका थांब्याशी एक बाई दोन पिशव्या घेऊन उभी होती. दुरून येणाऱ्या कुठल्याशा जीपला तिने हात केला. ह्यांनी सवयीने ब्रेक मारला आणि सायकल बरोब्बर तिच्यासमोर उभी केली. बाईने ह्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, दोन्ही सीटं निरखली.

"जागा नाय वाटतं," ती म्हणाली.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मागून दुसरी येतेय."

त्यानंतर रायगडाच्या पायथ्याचं पाचाड. चढ सोसवेना, शेवटचा तुकडा आम्ही सायकल ढकलत नेली. पाचाडला एका छोट्या हॉटेलात मिसळ खाल्ली, चहा प्यायलो आणि परत निघालो. उतार लागला तसे हे खुशीत आले आणि रेडिएटरची गोष्ट सुरू झाली. कुठल्याशा आडरानात गाडी तापली आणि वऱ्हाडाच्या टेम्पोतलं सरबत रेडिएटरमध्ये ओतून गाडी कशी पोचवली, ती गोष्ट. मी ती इतक्यांदा ऐकलीय की मधून मधून "हं" म्हणायलाही मला लक्ष द्यावं लागत नाही.

माझ्या बुटात खडा गेला. मी सिंगल बेल दिली. हे थांबले, एक पाय जमिनीवर टेकला, गोष्ट चालूच. मी उतरले, कडेच्या दगडावर बसून बूट काढला. तिथेच वरच्या वाडीतली एक म्हातारी बकरी घेऊन टेम्पोची वाट बघत उभी होती. बकरीच्या गळ्यात पितळी घंटी. बकरीने मान झटकली.

टिंग टिंग.

आणि हे निघाले.

मी एका हातात बूट घेऊन बघत राहिले. "अहो!" म्हणेपर्यंत हे वळणाआड गेले होते. म्हातारी आधी वळणाकडे, मग माझ्याकडे बघत राहिली.

"गो बाय, नवरा टाकून गेला काय?"

"टाकून नाही हो, विसरून."

"इसरला? मंग तर आनीक वाईट."

तेवढ्यात तिचा टेम्पो आला. हिरकणीवाडीला भाजी उतरवून रिकामा महाडला चालला होता. बकरी मागे चढवली आणि म्हातारीने मला पुढे आपल्याशेजारी ओढून घेतलं. दोन-तीन वळणं गेल्यावर हे दिसले. मजेत चालले होते. डाव्या हाताने हवेत रेडिएटरचा आकार काढत होते.

"कोनाशी बोलतोय त्यो?" म्हातारीने विचारलं.

"माझ्याशी."

टेम्पो त्यांच्या बरोबरीला आला. मी खिडकीतून डोकं काढून ओरडले, "अहो!" ह्यांनी वळून बघितलं, मी दिसले, आणि घाटात समोरून ओळखीची गाडी आली की ड्रायव्हर करतात तसा हात वर करून हसले. पुन्हा पुढे बघायला लागले. मग एकदम मागे वळून रिकामं सीट पाहिलं, आणि सायकल अलगद रस्ता सोडून वालाच्या शेतात शिरली.

आम्ही टेम्पो थांबवून धावलो. ह्यांना काही लागलं नव्हतं, वेलांमध्ये बसले होते. पण शेताचा मालक विळा घेऊन धावत आला होता, आणि दोन सीटं बघून घाबरा होऊन वेल बाजूला करत दुसरा माणूस शोधत होता. "दुसरा कुठं पडला? ओ! आवाज द्या!"

"मी इथे आहे," मी रस्त्यावरून म्हणाले. तो जरा रागावलाच.

"अडुसष्ट किलो वजन कमी झालं, तुम्हाला कळलं नाही?" मी ह्यांना विचारलं.

"हलकं वाटलं," हे म्हणाले. "मला वाटलं, सरावाचा परिणाम."

म्हातारी पदराने तोंड दाबून एवढी हसली की तिला बांधावर बसावं लागलं. जाताना माझ्या हाताला धरून म्हणाली, "मानूस चांगला हाय गो. इसरला, तरी बोलत तुझ्याशीच व्हता." मोडलेल्या वेलांबद्दल आम्ही मालकाची माफी मागितली, तर त्याने उलट ओंजळभर शेंगा माझ्या ओढणीत टाकल्या. वर म्हणाला, बाई, तुम्ही पुढे बसत जा.

मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी शेंगांची उसळ करताना हसू आलं आणि अबोल्याचं सगळं मुसळ केरात गेलं.

होळीच्या आधी एका सकाळी आम्ही घाट चढायला निघालो. किती तास लागले ते सांगत नाही. दोनदा चालत गेलो, एकदा एका वळणावर दोघं आडवे पडून आकाश बघत राहिलो. वर पोचलो तेव्हा टपरीवाल्याने विचारलं, "गाडी कुठं लावली?" ह्यांनी सायकल दाखवली. त्याने भज्यांचा घाणा नव्याने टाकला. हे पहिलं भजं हातात धरून बराच वेळ बसले. घास घेतला आणि म्हणाले, "मीठ कमी आहे." मग चार प्लेट खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांचेही पाय वाकेनात. आमचं घर पहिल्या मजल्यावर. कामावर तर जायचं होतं, म्हणून मी एकेक पायरी बसत बसत उतरायला लागले, आणि मला सोबत म्हणून हेही मागून बसत बसत उतरले. खालच्या काकू दारात येऊन बराच वेळ बघत उभ्या होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "काय हरवलंय का तुमचं?"