थेट गाडी

जामखेडहून नगरला जाणाऱ्या एसटीत शेजारच्या मुलीचा एक पाय सारखा पत्र्याच्या ट्रंकेवर होता. थांबा आला की ओढणी कपाळावर ओढून ती चढणाऱ्यांची तोंडं बघायची. नागपूरच्या विद्यापीठात शिकायला निघाली होती.

"अगं, जवळचं पुणं सोडून?"

"पुण्याला आमच्या गावातनं थेट गाडी हाय."

"मग बरंच की!"

"दसऱ्याला आबा न्यायला येत्याल. ऊसतोडीला मुकादम नवरा-बायकोची जोडीच घेतो. म्हणून पोरींची लग्नं उरकूनच टोळी निघती. माझ्या दोन्ही बहिणी तशाच गेल्या."

बाप म्हणून मी माझ्या मुलीसाठी पुणं निवडलं होतं, दर रविवारी भेटता येईल म्हणून.

"घरी सांगितलंस ना?"

"व्हय," नगरच्या स्टँडवर ट्रंक उचलत ती म्हणाली, "पुण्याला चालले म्हणून."