दोन कप्प्यांचं कपाट

सोलापूरच्या दुपारी दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये बसलं की किस्से आपोआप साचतात. बाहेर मागांची खडखड, वर पंख्याची कुरकुर, हातात कॅन्सरच्या पेशंटची कार्डं. मी तिथला कारकून, निम्मा जागा, निम्मा कुठंतरी तरंगत!

*

उपचारानंतर कोण जगलं हे कळायला मी गावोगाव जोडकार्डं पाठवायचो. प्रश्न आमचा, उत्तराचं कार्ड कोरं. एकदा अक्कलकोटकडून उत्तर आलं, "आमी बरं हाय. तुमी कसं हाय?"

डॉक्टरसाहेब म्हणाले, "लिहा, पेशंट जिवंत. आणि त्यांना कळवा, आम्हीही!"

*

मग साहेबांनी कार्डं मोजली. ऑपरेशनवाले जास्त जगत होते. लाईटवाले, म्हणजे मशीनखाली किरणांचा शेक घेणारे, लवकर जात होते.

"लाईट बंदच करू!" साहेब म्हणाले.

बाहेर बाकावर नातेपुत्याच्या कोंडाबाई बसलेल्या. आजार ऑपरेशनच्या पलीकडे गेलेला, आशा तेवढी लाईटची. "माजा नंबर कवा ओ?" मी कार्डांत डोकं घातलं.

*

कॉलेजात गणित शिकवणारे हिरेमठ मास्तर मदतीला यायचे. डोळे मिटून ऐकायचे, झोपले असंच वाटायचं. तसंच डोळे मिटून त्यांनी विचारलं, "लाईटला पाठवता कुणाला?"

"ज्यांचं ऑपरेशन होण्यासारखं नसतं त्यांना," साहेब म्हणाले.

"म्हणजे कुजकं सूत ज्या मागावर चढवलं, त्याच मागाला नावं ठेवताय की हो!"

मास्तरांनी ढीग लावायला सांगितले. ज्यांचा आजार सारखाच पुढं गेलेला, ते पेशंट एका ढिगात, आणि तुलना ढिगातल्या ढिगात.

*

ढीग लावताना माझीच चोरी पकडली गेली. ऑपरेशनची तारीख मिळूनही वाट बघता बघता वारलेले लोक लाईटच्या कप्प्यात!

"यांना लाईट कधी दिली?"

"दिलीच नाही मास्तर. पण ऑपरेशन झालं नव्हतं, आणि कपाटाला कप्पे दोनच!"

मास्तर पोट धरून हसले. मला मात्र बाकावरच्या कोंडाबाई दिसत होत्या, आणि फार लाज वाटली. त्यांचं ऑपरेशनच ठरलं होतं, म्हणून ती कार्डं ऑपरेशनच्या बाजूला मोजली, तेव्हा दोन्ही उपचारांतला फरक जवळजवळ विरून गेला. लाईट चालू राहिली. कोंडाबाईंचा नंबर दुसऱ्या दिवशी लागला.

*

मग दरवर्षी कोंडाबाईंना माझं कार्ड जायचं, 'पेशंट हयात आहे का?' तिसऱ्या वर्षी त्यांच्या पुतण्याचं उत्तर आलं :

"काकी ज्वारी काढायला रानात गेल्यात. सांजच्याला आल्या की इचारून कळिवतो."