शेजारच्या अक्कांचा आवाज

औरादला आमच्या शेजारी एक बाई राहत. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणे. कुणाचंही बारसं असलं, तरी पाळणा त्याच म्हणायच्या. देह अवाढव्य, बसायला दोघींची जागा लागे. आवाज जाड आणि मऊ, गोधडी अंगावर ओढून घ्यावी तसा. फक्त दम पुरत नसे. ओळीच्या मध्येच थांबून त्या माझ्या मांडीवर चापट मारत, "म्हण की गं हैदराबादवाली, साळंत तोंड शिवून देतेत व्हय?" हैदराबादच्या शाळेतून मी सुट्टीपुरतीच घरी येई. उरलेली ओळ बाकीच्या बायका म्हणत.

दोन पावलं चालल्या तरी धाप लागू लागली, तेव्हा बीदरच्या हकीमसाहेबांनी त्यांचं तूप-गूळ बंद केलं. पुढच्या सुट्टीत मी घरी आले, तर अक्का निम्म्या झालेल्या. त्या सुट्टीतल्या एका बारशाला त्यांनी अख्खी ओळ एका दमात म्हटली. पण आवाज बारीक, कुणा परक्या मुलीचा वाटला. पाळणा हलवणारीनं चमकून मागं पाहिलं.

जेवताना त्यांनी हळूच विचारलं, "कसं वाटलं गं?"

"दम पुरला, अक्का."

"दमाचं कोण इचारायलंय? आवाजाचं इचारायले मी."

मी तुपाची वाटी जवळ ओढली. अक्कांनी माझ्या पानातली पुरणपोळी उचलली, माझ्याच तुपाच्या वाटीत बुडवली आणि डोळे मिटून खाल्ली. पंगतीतल्या बायका हसल्या. आपणही हसावं की त्यांचा हात धरावा, हे मला तेव्हा कळलं नाही. अजूनही कळत नाही.