धुतलेली मुळं

लग्नात मावशीने माझी ओटी भरली. ती कोकणात दिलेली. तिच्या वाडीतला न सोललेला नारळ तिने ओटीत घातला. तो कणगीमागे पडून राहिला आणि काही महिन्यांनी त्याला कोंब आला. सासू म्हणाली, "घाटावर माड जगत न्हाई. उगा जागा अडवू नगंस." मी तो न्हाणीच्या सांडपाण्याशी लावला.

पहिली दोन वर्षं पानं अखंड होती, फडक्यासारखी. तिसऱ्या वर्षी ती फाटून त्यांच्या झावळ्या झाल्या. खोड अजून नव्हतं. तेवढ्यात धरणाचं पाणी चढणार, घरं वर न्या, असं ठरलं. बाप्ये वासे, दारं, देव हलवू लागले. माडाला कोण विचारतो?

मीच खणला. पण मी भातकरीण. रोप लावायचं म्हणजे उपटायचं, मुळांची माती धुवायची आणि चिखलात रोवायचं, एवढंच मला ठाऊक. माडाची मुळं मी ओढ्यात लख्ख धुतली आणि वरच्या नव्या खाचरात, घोटाभर पाण्यात तो उभा केला. महिन्याभरात झावळ्या पिवळ्या पडल्या.

सासू रोज म्हणायची, "काय गं, नारळ कदी सोलायचं?"

मावशी नवं घर बघायला आली. माड पाहून तिने कपाळावर हात मारला. "मेल्ये, मुळं धुतलीस? हा काय भाताच्या रोपांचा आवा आहे?" मग तिने मधला कोंब चिमटीत धरून वर ओढला. तो निघाला असता तर माड मेलेलाच ठरला असता. निघाला नाही. "जीव आहे. उचल इथून."

या खेपेला मुळांभोवती मातीचा गड्डा ठेवला. उतारावर, पाणी ठरणार नाही अशा जागी कमरेएवढा खड्डा काढला. तळाला मीठ आणि राख टाकली. मुरूम लागला तिथे पहार चालवली. हाताला फोड आले, ते फुटले, पुन्हा आले.

वर्षभर एक पान फुटलं नाही. मी पाणी घालायचं सोडलं नाही. सासू म्हणायची, "वाळक्या काठीला पानी घालतीया." मी म्हणायचे, "घालतीया."

मग एक सुईसारखं पान वर आलं. त्यानंतर बुंधा फुगला, खोड धरलं, गळलेल्या झावळ्यांचे वण एकावर एक चढू लागले. तोवर जुनं घर, खाचर, ओढा सगळं पाण्याखाली गेलं होतं. पुढे फुलोऱ्याची पहिली पोय फुटली. तिची सगळी बोंडं गळली. दुसऱ्या वर्षी तीन टिकली.

पहिला नारळ उतरवला तो सासूच्या हातात दिला. तिने कानाशी धरून हलवला.

"पानी हाय की," ती म्हणाली, आणि कोयता मागितला.