तात्या उंबऱ्यावर बसले

सावळेराम तात्या कुणाच्याही घरी गेले की आधी छत ठोकायचे. स्लॅब असो नाहीतर लाकडाचं आढं, पुरुषभर उंचीची लोखंडी सळई वर न्यायची, दोन ठोके द्यायचे, डोळे मिटून ऐकायचं. मग म्हणायचे, "खणखणीत हाय. टाका घोंगडी." माझ्या भाड्याच्या खोलीत पहिल्यांदा आले तेव्हा मी खेकसलेच, "अहो, पाडता का काय?" मी आळे गावची, तोंडाने फटकळ, त्यात आहुप्याच्या वाटेवरच्या या डोंगरातल्या शाळेत शिकवायला टाकलं म्हणून आधीच चिडलेली. तात्यांनी शांतपणे आणखी एक ठोका दिला. "बाई, चाल कुणाचा हुद्दा बघत न्हाई."

चाल म्हणजे कोळशाच्या खाणीतलं छत. बांगलादेशच्या लढाईनंतर तात्या पलटणीतून सुटले आणि रामअवतार नावाच्या दोस्ताबरोबर थेट कोळशाच्या मुलखात गेले. कामगार आत शिरायच्या आधी चाल ठोकून बघायची, हे त्यांचं काम. आवाज खणखणीत तर आत जा, बद्द आला तर मागे फिरा. "गेलो तवा बिहार व्हता, निघालो तवा झारखंड. मी जागंवरनं हललो न्हाई राव, राज्यच हललं," असं सांगून स्वतःच हसायचे. पुढे भुयारं बंद पडली, मोठाली यंत्रं आली आणि वरूनच डोंगर खोदायला लागली. तात्यांची वस्ती, बाजार, पोरांची शाळा, सगळं त्या खड्ड्यात गेलं आणि ते इथं गावी परतले.

एकदाच, चहा पिताना, ते वेगळं बोलले. "एका सकाळी आवाज बद्द आला. सायब वरडला, टाइम खोटी करू नको. मी गप बसलो, बाई. रामअवतार आत गेला, त्यो भाईर आलाच न्हाई." कप पालथा घालून ते उठले.

आमच्या शाळेला नवी खोली मिळाली. ताबा घेतल्याच्या कागदावर मी सही केली, वर मान करून न बघता. कारण लपवत नाही: माझी आळ्याला बदली व्हायची होती आणि शिक्षण खात्यातल्या साहेबांची मर्जी मोडायची नव्हती. उद्घाटनाला पाहुणे आले, हार आले, मुलं नवी पाटी-दप्तरं घेऊन रांगेत उभी राहिली. तेवढ्यात तात्या सळई घेऊन आत गेले. दुसऱ्या बाकाच्या वर त्यांनी ठोकलं, पुन्हा ठोकलं आणि बाहेर येऊन उंबऱ्यावर मांडी घालून बसले.

"पोरं आत जाणार न्हाईत. वर पोकळ हाय."

खोली बांधणारा ठेकेदार हसला. "तात्या, ही काय कोळशाची खाण आहे का?"

"खाणीत निदान टोपी देत्यात."

"अहो, इंजिनिअरचं सर्टिफिकेट आहे!"

"मंग त्यो कागद धरा डोक्यावर आन् बसा आत. हार-फोटो समदं आतच करा. मी बी बसतो तुमच्याशेजारी."

साहेबांनी एकवार वर बघितलं. मग बाहेर उजेड चांगला आहे म्हणाले आणि खुर्च्या अंगणात आल्या. मला असं हसू फुटलं की पदर तोंडात कोंबावा लागला.

हसले, पण मी केलं काय? काही नाही. खोलीला कुलूप लावलं, मुलांना देवळात शिकवू लागले आणि खोली वापरा म्हणून साहेबांचा फोन आला की "बघते" म्हणायचे. तात्या मात्र रोज शाळा भरायच्या वेळी येऊन त्या उंबऱ्यावर बसत, खोकत. त्यांची बायको हौसाबाई तिथंच भाकरी आणून द्यायची. एकदा मी चिडून म्हणाले, "कुलूप आहे ना तात्या, घरी जा की!"

"कुलपाला चावी आस्ती, बाई. आन् चावी तुमच्याकडं हाय."

झोंबलं मला.

श्रावणात तात्या गेले. छाती भरली होती. दहावा झाला त्याच दुपारी ठेकेदार मोटारसायकलवरून आला. "म्हातारा गेला, वाईट झालं. द्या आता चावी." काय निर्लज्ज माणूस! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चावी पोलक्यात खोचली आणि त्याच्यासमोर कागद घेतला. लिहिलं: मी खोली न तपासता ताबा घेतला. ही माझी चूक. ती सही मी मागे घेते. स्लॅब फोडून तपासल्याशिवाय एकही मूल आत जाणार नाही. कारवाई करायची तर करा.

कारवाई झाली. नोटीस आली, बदली रद्द झाली. पण कागद ग्रामसभेत वाचला गेला होता, गावाने खाली अंगठे नि सह्या केल्या होत्या, त्यामुळे तालुक्याहून तपासणीला माणसं पाठवावीच लागली; साहेब आणि ठेकेदारही आले. दुसऱ्या बाकाच्या वरचं प्लास्टर पहिल्याच घावात सुटलं, पाठोपाठ काँक्रीटचा भलामोठा तुकडा खाली आला. हौसाबाई पुढे झाली. तुकड्यातल्या पोकळीत तिने हात घातला, तो मनगटापर्यंत आत गेला. मग ती माझ्याकडे बघत राहिली.

तिथंच मी रडले, पोरांसारखी हमसून. आणि डोळे पुसून ठेकेदाराला शिव्या घातल्या, आमच्या आळ्याच्या ठेवणीतल्या, सगळ्या शाळेसमोर. साहेब म्हणाले, "बाई, मुलं ऐकताहेत."

"ऐकू देत की," मी म्हणाले. "जिवंत आहेत म्हणून ऐकताहेत."