शेवटच्या गाईडमधली पहिली नोंद

ऑफिसात सगळे त्यांना ताई म्हणत, अगदी त्यांच्याच वयाचे साहेबसुद्धा. कंपनी कंपायलर बनवायची, म्हणजे माणसांनी लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल असा करून देणारा प्रोग्राम. दरवर्षी त्याचा नवा रिलीज यायचा आणि दरवर्षी तो जरा जास्तच कडक व्हायचा. काल ज्या चुकीकडे काणाडोळा केला, तिच्यावर आज एरर देऊन अडून बसायचा. मग लोक कपाळाला हात लावायचे. अशांसाठी ताई गाईड लिहायच्या: जुन्या कोडमध्ये काय बदलायचं, कुठे, कसं. तेरा गाईडं झाली, एकातही दुरुस्ती छापावी लागली नव्हती. याचा त्यांना गर्व होता, आणि का नसावा?

त्यांची एक रीत होती. प्रत्येक नोंद स्वतः करून बघायची, मग घरी नवऱ्याला वाचून दाखवायची. नवरा शिंपी. कोडमधलं त्याला ओ की ठो कळत नसे, पण "आधी करायचं ते शेवटी सांगितलंयस" हे तो शिलाई मशीनवरून मान वर न करता सांगायचा, आणि बरोबर सांगायचा.

चौदावं गाईड शेवटचं, मग निवृत्ती. ते निम्मं झालं असताना एका शहराच्या पाणीपुरवठ्यातल्या प्रोग्रामरचा फोन आला.

"ताई, नव्या कंपायलरवर आमचा प्रोग्राम दोनशे बारा एरर देतोय. तो फ्लॅग काढून टाकलात ना तुम्ही?"

फ्लॅग म्हणजे कंपायलरला हुकूम देताना शेवटी जोडायचा शब्द. हा फ्लॅग लावला की कंपायलर जुन्या चुका पोटात घालायचा.

"अहो, तो तात्पुरता होता."

"तुमच्या गाईडात तसं नाही. 'हा फ्लॅग लावा, प्रोग्राम चालेल', बस्स. आम्ही नऊ वर्षं लावतोय."

ताईंनी जुनं गाईड काढलं. खरंच तसं होतं. मग मसुदा शोधला. त्यात 'दुरुस्ती होईपर्यंतच' हे शब्द होते, आणि त्यांवर काट मारलेली होती. घरी जाऊन त्यांनी तो कागद नवऱ्यापुढे आपटला.

"वाक्य लांबलंय म्हणून तुम्हीच छाटायला लावलंत!"

त्याने चष्मा चढवून पाहिलं. "कात्री माझी असेल, पण कापड तुझं होतं."

ताई चिडल्या, कारण ते खरं होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्या फोनवर पाणीवाल्याबरोबर एकेक एरर सोडवायला बसल्या. बहुतेकांचं मूळ एकच. फंक्शन, म्हणजे प्रोग्राममधला एखादा छोटा हिशेब, कसलं उत्तर देणार याची आधी ओळख न देताच त्याला हाक मारलेली. जुना कंपायलर ठोकून द्यायचा की उत्तर पूर्णांकातच येणार. सहसा खपून जायचं. एकशे सत्तेचाळिसाव्या एररवर मात्र ताई थांबल्या.

"हे उत्तर अपूर्णांकात येतं. इथे काय मोजता?"

"राखीव टाकीची पातळी. खाली गेली की भोंगा होतो."

"कधी वाजला होता?"

"कधीच नाही. सगळ्यात गुणी टाकी आहे ती आमची..."

अपूर्णांक पूर्णांक समजून वाचल्याने आकडा भलताच यायचा आणि टाकी कायम भरलेलीच दिसायची. ती ठणठणीत कोरडी पडली असती तरी भोंगा वाजला नसता. त्या टाकीवर कधी वेळ आली नाही हे शहराचं नशीब. त्याने ओळख देणारी एक ओळ घातली, टाकी मुद्दाम थोडी उपसली, आणि भोंगा वाजला. फोनवर तो ऐकताना ताईंच्या मनात आलं: फ्लॅग काय त्या एकाच शहराने लावला होता?

त्यांनी गाईडची पहिली नोंद नव्याने लिहिली: 'नऊ वर्षांपूर्वी हा फ्लॅग लावा असं मी सांगितलं. तो तात्पुरता आहे हे सांगितलं नाही. माझं चुकलं. याने प्रोग्राम चालतो, पण उत्तर खोटं देऊ शकतो. अपूर्णांकाची ठिकाणं आधी तपासा.'

साहेबांनी वाचलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "ताई, गाईडात असं लिहीत नाहीत. 'क्वचित अडचण येऊ शकते' म्हणा. जाता जाता स्वतःच्या तोंडाला काळं कशाला फासताय?"

"क्वचित म्हटलं की लोक पुढे जातात, साहेब. चुकलं म्हटलं की थांबून बघतात."

"आणि इतक्या वर्षांचं नाव?"

"नाव काय चाटायचंय?"

नोंद तशीच गेली. ताईंच्या नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत ऑफिसच्या पत्त्यावर अडतीस ईमेल आल्या. शिव्या असतील या धास्तीने त्यांनी एकही उघडली नव्हती. शेवटी, ताईंनी आपला कॉम्प्युटर बंद केल्यावर, साहेबांनीच त्यांना बोलावून त्या आपल्या पडद्यावर वाचायला घेतल्या. शिवी एकही नव्हती. एकाने लिहिलं होतं, 'सहा ठिकाणी उत्तर खोटं निघालं. तुम्ही सांगितलं नसतं तर आम्ही बघितलंच नसतं.'

साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, "ताई, त्या नोंदीत माझं नाव घाला. नऊ वर्षांपूर्वी ते गाईड तपासून सही मी केली होती. तुम्ही लिहिलंत त्या दिवसापासून मला झोप नाही."

ताईंना त्यांच्याविषयी माया दाटून आली. बंद करून ठेवलेला कॉम्प्युटर त्यांनी पुन्हा सुरू केला आणि नोंदीत साहेबांचं नाव घातलं.